डिमरला तापमान कळत नाही

पाऊस ओसरून रात्री जरा गार व्हायला लागल्या, की बिअर्डेड ड्रॅगन (सरडा), लेपर्ड गेको (पाल), पाण्यातली कासवे पाळणाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात. घरीच डिमर बनवून काचपेटीच्या हीटरची उष्णता कमी-जास्त करता येईल का, हा त्यातला मुख्य. गोव्यातली गावे बदलतात, गैरसमज तेच राहतात, म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्र उत्तरे देतो. ज्यांनी २३० व्होल्टची जोडणी कधी स्वतः केलेली नाही, त्यांनी हे वाचून लगेच टेस्टर हातात घेऊ नये. आधी परवानाधारक वायरमनला बोलवावे आणि हा मजकूर त्याला दाखवावा.

पंख्याचा जुना रेग्युलेटर पडून आहे. ड्रॅगनच्या १०० वॅटच्या बल्बला लावला तर चालेल का? (म्हापसा)

नाही. खटक्याखटक्याने फिरणारा असेल तर त्यात कपॅसिटर असतात आणि ते पंख्याच्या मोटरच्या हिशोबाने निवडलेले असतात. सलग फिरणारा असेल तर तो आतून डिमरच असतो, पण वर्षानुवर्षे भिंतीत धूळ खाल्लेल्या सुट्या भागांवर रात्रभर चालणारा हीटर सोपवू नका.

ऑनलाइन '४००० वॅट'चा डिमर बोर्ड मिळाला, दोनशे रुपयांच्या आत. एवढा दणकट आहे तर पेटीखाली तसाच ठेवला तर हरकत आहे का? (फोंडा)

आधी भागाकार करा. ४००० भागिले २३० म्हणजे १७ अँपिअरच्या वर. अशा बोर्डांवर बहुतेक वेळा बीटीए-१६ हा ट्रायॅक (वीज उघडबंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो आणि त्याची स्वतःची मर्यादाच १६ अँपिअर, तीही भरपूर मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) दिला तर. बोर्डावर असतो आगपेटीएवढा ॲल्युमिनिअमचा तुकडा. म्हणजे आकडा विकण्यासाठी छापलेला आहे, वापरण्यासाठी नाही. पुष्कळदा ट्रायॅकवरची अक्षरेही खरी नसतात.

तुमचा १०० वॅटचा हीटर अर्धा अँपिअरही घेत नाही, त्यामुळे ट्रायॅक जेमतेम कोमट होईल. काळजी वॅटची नाहीच, उघड्या तांब्याची आहे. बोर्डाच्या खालच्या बाजूला २३० व्होल्ट उघडे असतात. बीटीए मालिकेतल्या ट्रायॅकची धातूची पाठ आतून विलग केलेली असते, बीटीबी किंवा बीटी-१३६ ची नसते. तिथे हीटसिंकलाच झटका बसतो. म्हणून बोर्ड झाकणाच्या, आग न धरणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, नाहीतर अर्थिंग दिलेल्या धातूच्या डब्यात बसवा. पॉटचा (उष्णता कमी-जास्त करायला फिरवतो त्या भागाचा) दांडा आणि बटण दोन्ही प्लास्टिकचे हवेत. आत एक अँपिअरचा फ्यूज, वायरला ओढ बसू नये म्हणून तिला घट्ट धरणारी ग्लँड, आणि ट्रायॅकच्या दोन टोकांमध्ये स्नबरचा (व्होल्टेजच्या उसळ्या शोषणाऱ्या जोडणीचा) कपॅसिटर असेल तर तो एक्स-२ दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीचा. डबा पेटीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर लावा. पेटीखाली नको, कारण सांडलेले पाणी खालीच जाते.

डिमर फेजमध्ये लावायचा की न्यूट्रलमध्ये? आणि बटण शून्यावर नेले की बल्ब बदलता येईल ना? (साखळी)

फेजमध्ये. आणि नाही, बल्ब बदलताना प्लग काढा. शून्यावरही डिमरमधून थोडा करंट झिरपत असतो.

सिरॅमिक हीटरला (उजेड न देता फक्त उष्णता देणारा) डिमर लावला. एका खुणेवर ठेवला की उबेची जागा बरोबर ३२ अंशांवर राहते. आता थर्मोस्टॅटचा (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा) वेगळा खर्च कशाला? दुकानदारही म्हणतो गरज नाही. (मडगाव)

दुकानदाराचा ड्रॅगन असता तर तो असे म्हणाला नसता.

डिमर वीज कापतो. एसीची प्रत्येक अर्धी लाट सुरू झाली की तो थोडा थांबतो, मग वाट उघडतो. आपण बटण फिरवतो ते हे थांबणे कमी-जास्त करायला. पेटीत किती अंश आहेत याची त्याला काहीच खबर नसते. तुम्ही ज्या दिवशी खूण केली त्या दिवशीची हवा, त्या तासाचा व्होल्टेज आणि त्या खोलीतला पंखा, या सगळ्यांचे मिळून ते ३२ अंश होते. जानेवारीत पणजी-मडगावकडे पहाटे साधारण २० अंश असतात आणि दुपारी ३२. खोलीच बारा अंशांनी हलते, खूण मात्र तिथेच. पहाटे बरोबर वाटलेली खूण दुपारी प्राण्याला भाजते.

त्यात व्होल्टेजची भर. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २३० वर १०० वॅट देणारा हीटर २५० वर ११८ वॅट देतो आणि २०० वर ७६. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे एसी, गीझर चालू असताना व्होल्टेज बसतो आणि मध्यरात्री वर जातो. तुम्ही झोपलेले असता तेव्हा हीटर जास्त तापतो.

हे सगळे एक वेळ सांभाळून घेता येईल. मला धास्ती आहे ती पुढच्या गोष्टीची, आणि तिच्याबद्दल कोणी विचारतच नाही. ट्रायॅक बिघडतो तेव्हा तो बहुधा बंद पडत नाही, शॉर्ट होतो. शॉर्ट झाला की बटण कुठेही असो, हीटरला पूर्ण वीज मिळते. साध्या तंतूच्या बल्बबाबत तर हे ठरलेलेच: बल्ब उडताना आत क्षणभर ठिणगीचा पूल होतो, करंट उसळतो, आणि त्या एका उसळीत ट्रायॅक जातो. घरातला ६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की तुटणारा स्विच) एवढ्या चपळाईने तुटत नाही. तुम्ही सकाळी नवा बल्ब बसवता, तो छान पेटतो, जरा जास्तच पेटतो, आणि तुम्ही कामाला निघून जाता. काचेच्या बंद पेटीतला प्राणी सावलीत पळू शकत नाही. थंडीने सरपटणारा प्राणी मंदावतो, त्याला हाताशी वेळ असतो. अति उष्णतेने तो तासाभरातही मरू शकतो.

म्हणून क्रम नीट लक्षात घ्या. पहिले, हीटरच लहान घ्या. १५० वॅटचा हीटर आणून डिमरने ४० वॅटवर चालवायचा ही खरेदीच चुकीची. आपल्या हवेत दोन-तीन फुटांच्या पेटीला बहुतेक वेळा ४० ते ६० वॅट पुरतात. प्राणी दुसरीकडे हलवून, डिमर पूर्ण वर करून, भर दुपारी चार तास पेटी चालवून बघा. तेवढ्यातही पेटीची गार बाजू प्राण्याला सोसवेल एवढी राहिली, तरच तो हीटर योग्य. दुसरे, थर्मोस्टॅट. बाजारात एसटीसी-१००० च्या धर्तीचे रिलेचे थर्मोस्टॅट स्वस्तात मिळतात. तेही चालतील, पण रिलेचा संपर्कही कधी चिकटतो हे विसरू नका. प्रोब (तापमान मोजणारे वायरचे टोक) उबेच्या जागी घट्ट बांधा. प्राण्याने तो ओढून पेटीबाहेर टाकला तर थर्मोस्टॅट खोलीचे तापमान मोजत बसतो आणि हीटर चालूच ठेवतो. तिसरे, या दोघांशी काही संबंध नसलेला स्वतंत्र कटऑफ: केएसडी-३०१ जातीची बायमेटलची चकती, एरवी जोडलेली आणि ठरलेल्या अंशांवर तुटणारी, फेजच्या वायरमध्ये. ती पेटीत वरच्या बाजूला, गरम हवेत हवी, डिमरच्या डब्यात नव्हे. थर्मल फ्यूज वापरणार असाल तर त्याची टोके क्रिंप करा, म्हणजे दाबून जोडा. सोल्डर करायला गेलात तर तो तिथेच उडेल.

जोडणी अशी: प्लग, फ्यूज, थर्मोस्टॅट, कटऑफ, डिमर, हीटर. थर्मोस्टॅट डिमरच्या नंतर, हीटरच्या बाजूला लावू नका. कापलेल्या लाटेवर त्याचा स्वतःचा पुरवठा नीट चालत नाही.

तुमच्या प्राण्याला नेमके किती अंश हवेत ते सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला विचारा. ड्रॅगनची उन्हाची जागा ४० च्या आसपास लागते, लेपर्ड गेकोची ३२ ते ३४. दोघांनाही दुसऱ्या टोकाला गार जागा हवीच. बाकी कुणाचे ऐकीव आकडे नकोत.

७ वॅटची हीट मॅट आहे. डिमर थोडा खाली केला की ती एकदम बंद होते. बोर्ड बाद आहे का? (वाळपई)

बोर्ड ठीक आहे, लोड फार लहान आहे. ७ वॅट म्हणजे ३० मिलिअँपिअर. मोठ्या ट्रायॅकला वाट उघडी धरायला याहून जास्त करंट लागू शकतो, मग तो मध्येच सोडून देतो. एवढ्या लहान मॅटला डिमर नकोच, थर्मोस्टॅट पुरे. मॅट काचेच्या बाहेरून चिकटवा.

यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवाही त्याच डिमरवर घेऊ का? (पेडणे)

नको. तो सरळ स्वतंत्र स्विचवर.

जुने घर आहे, दोन पिनांचे प्लग, अर्थिंग नाही. वायरमन म्हणतो एमसीबी बसवलाय, आता भीती नाही. (कुडचडे)

दुसऱ्या वायरमनला विचारा. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर गेले तरी जीव धोक्यात येतो आणि सहा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर झिरपला की वीज तोडणारा स्विच) लागतो, ज्याला लोक अजून ईएलसीबी म्हणतात. पेटीत रोज पाणी फवारायचे, ओल्या हाताने जाळी उचलायची आणि वर उघडा धातूचा डोम (दिव्याची टोपी), अशा ठिकाणी तो नसेल तर हीटर लावूच नका. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

अर्थिंग नव्याने घ्याल तेव्हा जागा नीट निवडा. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पावसाळ्यात मोजलेली अर्थ एप्रिल-मेमध्ये पार कमजोर पडते. मोजणी उन्हाळ्यात करून घ्या, खड्ड्यात पाणी घालत राहा. आणि होल्डर चिनी मातीचाच घ्या. सिरॅमिक हीटरचा तळ आट्यांचा असतो, आपले होल्डर पिनांचे; म्हणून मध्ये प्लास्टिकचा कन्व्हर्टर घालायची पद्धत पडली आहे. त्या हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो. कन्व्हर्टर मऊ होतो, हीटर खाली पडतो, आणि खाली कोरडा भुसा असतो.

ओळखीच्याने पाठीवर चांदण्या असलेले छोटे कासव दिले. त्याला किती वॅट लागतील? (डिचोली)

शून्य. ते स्टार कासव आहे, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत. पाळणे गुन्हा, भेट म्हणून घेणेही गुन्हा. 'शुभ असते' हे कारण तिथे चालत नाही. आजच जवळच्या वन खात्याच्या कार्यालयात जाऊन सांगा. रानात नेऊन सोडू नका, ते इथल्या रानातले नाही आणि रोगही पसरवू शकते. बॉल पायथन, ग्रीन इग्वाना अशा सायटिस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, हे बाकीच्यांनीही बघून घ्यावे.

ड्रॅगन पंधरा दिवस खात नाही. डिमर वाढवून बघतोय. आणखी किती वाढवू? (पणजी)

वाढवू नका, डॉक्टरांकडे न्या. पंधरा दिवस फार झाले. जाताना दोन आकडे घेऊन जा: उबेच्या जागेच्या पृष्ठभागाचे तापमान आणि गार टोकाचे तापमान, प्रोबच्या थर्मामीटरने मोजलेले. काचेला चिकटवायच्या गोल घड्याळवजा मापकाचे आकडे डॉक्टरांना सांगू नका, ते काचेचेही नीट सांगत नाहीत. डिमरची खूण कुठे आहे हे तर सांगूच नका.

डिमरच्या डब्याला पावसात करपल्यासारखा वास येत होता, आता कमी झालाय. अजून चालतोय. चतुर्थीची गडबड संपली की बघू का? (काणकोण)

आत्ता प्लग काढा. किनाऱ्यालगत खारी दमट हवा बोर्डावर बसते, दोन पट्ट्यांमध्ये करंट झिरपतो, बोर्ड तिथे काळा पडतो आणि काळा पडलेला भाग स्वतःच वीज वाहू लागतो. वास कमी झाला म्हणजे दुरुस्ती झाली नाही. डबा उघडला तर आत मुंग्या नाहीतर मेलेली पालही सापडेल. उब शोधत त्या तिथेच येतात, म्हणून भोकांना बारीक जाळी हवी. बोर्ड पुसून परत लावू नका, नवा घ्या, वॉर्निशचा हात द्या आणि जोडणी वायरमनकडून तपासून घ्या. तोवर पेटी खोलीतल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. चतुर्थीच्या दिवसांत आपल्याकडे रात्रीही पंचविशीच्या आसपास तापमान असते. दिवसाच्या उबेच्या जागेचे काय करायचे ते पशुवैद्याला फोन करून विचारा.