यलो रॅस कुठे गेला?

प्रश्न : समुद्री माशांच्या टाकीत सोडलेला यलो रॅस मासा दुसऱ्याच दिवशी दिसेनासा झाला. तळाशी जाड प्रवाळखडी आहे. उपसून शोधू का?

उत्तर : मुळीच उपसू नका. पश्चिम प्रशांत महासागरातला हा मासा (हॅलिकोएरिस क्रायसस) अंधार पडला की वाळूत शिरून झोपतो, बिचकला तरी तिथेच दडतो. नव्या टाकीत चार-पाच दिवस वर आला नाही तरी घाबरायचं कारण नाही. खरी अडचण त्या खडीची आहे! घुसताना तोंड, अंग खरचटतं, जखम चिघळते आणि मासा खाणं सोडतो. एक मिलिमीटरपेक्षा बारीक वाळूचा ५ ते ७ सेंटिमीटरचा थर हवा. सगळा तळ बदलणं जमत नसेल तर पसरट डब्यात धुतलेली वाळू भरून कोपऱ्यात ठेवा. टाकीवर जाळी मात्र आजच बसवा. बिथरलेला रॅस लहानशा फटीतूनही बाहेर उडी मारतो. वर आला की गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे द्या.