बारा हजारांची इलेक्ट्रिक गिटार गिग बॅगेतच चेक-इन केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय, पुण्याहून दिल्लीला पहिल्यांदाच विमानाने चाललोय, हार्ड केस परवडत नाही, गिटार 'स्वस्तातलीच' आहे. त्या 'च'साठी लिहायला बसलो.

नुसत्या गिग बॅगेत, म्हणजे मऊ कापडी पिशवीत, अजिबात देऊ नका. मी २०१६ साली दिली होती. पहिल्या दोन पगारांतून घेतलेली, नऊ हजारांची, गिब्सनच्या प्रसिद्ध लेस पॉल मॉडेलच्या घाटाची काळी गिटार. सोडायला आलेला दादा म्हणाला, "फ्रॅजाइलचं स्टिकर लावतात ना, काही होत नाही." दिल्लीला पट्ट्यावर बॅग आली तेव्हा स्टिकर जागच्या जागी होतं. चेन उघडली तर हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, नटच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे तुटून तारांवर लोंबत होता. काळ्या पॉलिशखालचं कोरं लाकूड दिसत होतं. फोनवर दादा म्हणाला, "नऊ हजारांची तर होती, नवी घे."

तारा सुरात ठेवल्या, ही माझी चूक. सहा तारांचा मिळून ४० किलोच्या आसपास ताण असतो, आणि या घाटाचा हेडस्टॉक मागे झुकलेला. उताणी आपटली की पहिला मार त्यालाच.

आता मी नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, काढूनच नेतो. स्वस्त गिटारची नेक बहुधा मागून चार स्क्रूंनी बसवलेली असते. तारा काढा, स्क्रू सोडवा. नेक बसते त्या खाचेत कागदाची किंवा लाकडाची चिप असेल तर फोटो काढून जपून ठेवा, तिच्यावर तारांची उंची ठरलेली असते. नेक टॉवेलात गुंडाळून २८ इंची बॅगेत तिरकी, बॉडी जीन्सच्या मध्ये. स्क्रू ड्रायव्हर त्याच बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात 'टक्' करून बसला की मगच आवळा, नाहीतर भोक सैल होतं.

केबिनचं काय, तर आपल्याकडे साधारण ५५ सेंटीमीटरची मर्यादा आणि गिटार मीटरभर. काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर मी तरी जाणार नाही.

हो, मागे चार स्क्रू दिसत नसतील तर नेक बहुधा चिकटवलेली आहे, तिला हात लावू नका. मग हार्ड केसच, उसनी का होईना.

माझी गिटार मी लाकडाचा गोंद भरून, रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळून जोडली. अजून वाजते. गेल्या दिवाळीतही दादा म्हणाला, त्या पैशांत दुसरी आली असती. याच नेकवर तीन महिने माझा एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या तो) लागत नव्हता. ज्या रात्री सहाही तारा स्वच्छ वाजल्या, तेव्हा शेजारच्या खाटेवर तोच झोपला होता. त्याला उठवून ऐकवला होता मी.