जर्मनीतली अपॉइंटमेंट विकत घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बर्लिनमध्ये एमएस करतेय, तिचा निवास परवाना महिन्याभरात संपतोय आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट काही केल्या मिळत नाही. शिवाय सध्याची खोलीही सोडावी लागणार आहे. तिथल्या भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक मराठी मुलगा तीनशे युरोत अपॉइंटमेंट आणि वर पाचशे दिले तर नोंदणीसाठी पत्ता मिळवून देतो म्हणतोय. पैसे तुम्ही इथे, त्याच्या भावाच्या हडपसरच्या खात्यात भरायचे. भरावेत का?

भरू नका. अपॉइंटमेंटचे तर नाहीच, आणि पत्त्याच्या भानगडीत मुलीला मुळीच पडू देऊ नका.

मी बरीच वर्षं जर्मनीत राहिले, आता पुण्यात जर्मन शिकवते. शिकून गेलेली मुलं आणि मागे राहिलेले त्यांचे आईवडील हाच घोर घेऊन येत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलीच्या मनातली भीती काढा. तिला वाटतंय की अपॉइंटमेंट मिळाली नाही तर ती बेकायदा ठरेल. तसं नाही. जर्मन निवास कायद्याच्या ८१व्या कलमात सोय आहे: परवाना संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज कार्यालयाकडे पोचला, की निर्णय होईपर्यंत जुनाच परवाना चालू आहे असं धरलं जातं. ज्या अटींवर ती आज शिकतेय आणि अर्धवेळ काम करतेय, त्याच अटी पुढे चालू राहतात. महत्त्वाची आहे ती अर्जाची तारीख, अपॉइंटमेंटची नव्हे. एवढं कळलं की तो मुलगा जे विकतोय त्याची तिला गरजच उरत नाही. हे तिला आज रात्रीच फोनवर सांगा.

बर्लिनच्या त्या कार्यालयाचं नाव लांडेसआम्ट फ्युर आइनवांडरुंग. विद्यार्थ्यांना मुदतवाढीचा अर्ज त्याच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतो. पासपोर्ट, विद्यापीठाचं चालू सत्राचं प्रमाणपत्र, आरोग्य विम्याचा दाखला, पत्त्याच्या नोंदणीचा कागद आणि खर्चाची तजवीज असल्याचा पुरावा एवढं तयार ठेवायला सांगा. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी ही रक्कम महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो धरली जाते. अर्ज गेला की आलेली पोचपावती डाउनलोड करून घ्यायची, छापायची आणि एक प्रत तुमच्याकडेही पाठवायची. फॉर्म मध्येच अडकला तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवायचा. परवान्याची फी शंभर युरोच्या घरात असते आणि ती थेट कार्यालयालाच भरायची असते. मध्ये कोणाचा भाऊ येत नाही.

एक सांगायचं राहील म्हणून इथेच लिहिते. नुसत्या पोचपावतीवर तिला दिवाळीला घरी बोलावू नका. परत जर्मनीत शिरायचं असेल तर कार्यालयाकडून फिक्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा, म्हणजे अर्ज प्रलंबित असल्याचा दाखला देणारा, कागद मागून घ्यावा लागतो. त्यावर छोट्या चौकटी असतात आणि त्यांतल्या एकीत खूण केलेली असते. खूण ८१व्या कलमाच्या चौथ्या उपकलमापुढे आहे ना, हे तिथेच काउंटरवर बघून घ्यायचं. दुसऱ्या चौकटीत असेल तर परतीचा प्रवास अडू शकतो.

आता पत्ता. मला खरी काळजी याचीच वाटते.

जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंदणी करावी लागते. आन्मेल्डुंग म्हणतात ते हेच. बर्लिनमध्ये त्याला एक सेंटही लागत नाही. मात्र घरमालकाने 'ही व्यक्ती या तारखेला माझ्याकडे राहायला आली' असं लिहून दिलेला कागद लागतो. काही घरमालक तो द्यायला टाळाटाळ करतात आणि त्यातूनच पत्ते विकण्याचा धंदा उभा राहिला आहे. प्रत्यक्षात कोणी राहायला येत नसताना नोंदणीसाठी पत्ता देणं किंवा देऊ करणं याला तिथल्या नोंदणी कायद्यात मनाई आहे आणि दंड ५०,००० युरोपर्यंत होऊ शकतो. पत्ता देणारा अडकतोच, पण खोटी नोंद करणारी मुलगीही सुटत नाही. मुदतवाढीचा अर्ज ज्या सरकारपुढे आहे त्याच सरकारच्या दप्तरात आपली खोटी नोंद असणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

दंडाचं सोडा, रोजचा व्यवहार बघा. तिथे अजूनही सगळं पोस्टाने येतं. नोंदणी झाली की पहिल्यांदा येणाऱ्याचा अकरा आकडी कर क्रमांक पत्राने येतो, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात येतो, विमा कंपनीची पत्रं येतात, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं 'अमुक तारखेला या' हे बोलावणंही बऱ्याचदा पत्रानेच येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. म्हणून पत्ता विकणारा पेटीवर तुमच्या मुलीच्या नावाची चिठ्ठी चिकटवणार, आणि तिची सगळी पत्रं त्याच्या हाती पडणार. चावी त्याची, पाकिटं तिची. पुढे दर पत्रामागे पैसे मागितले तर ती तक्रार करायला कुठे जाणार?

घरमालक कागद देत नसेल तर रस्ता वेगळा आहे. तो देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नकार दिला तर मुलीने नोंदणी कार्यालयाला तसं कळवायचं, म्हणजे विचारणा घरमालकाकडे होते. नोंदणीची अपॉइंटमेंट बर्लिनमधल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टची, म्हणजे नागरिकांच्या सेवा कार्यालयाची, चालते. जवळचंच पाहिजे असा हट्ट नको. संकेतस्थळावर दिसत नसेल तर ११५ या सरकारी क्रमांकावर फोन करायचा. सकाळी रद्द झालेल्या वेळा पुन्हा दिसायला लागतात, तेव्हा चिकाटीने बघत राहिलं की मिळते.

हे लोक अपॉइंटमेंट आणतात कुठून, हेही सांगते. प्रोग्राम लावून मोकळ्या वेळा पटापट अडवून ठेवायच्या आणि मग विकायच्या, हा प्रकार तिथे बराच बोकाळला आहे. वेळ तुमच्या नावावर करायची म्हणून ते पासपोर्टचा फोटो, जन्मतारीख, ईमेल मागतात. तीनशे युरो गेले तर गेले, पण पासपोर्टची प्रत कुणाच्या फोनमध्ये गेली की ती परत आणता येत नाही. तिने आधीच पाठवली असेल तर रागावू नका. काय काय पाठवलं ते आधी विचारा आणि ईमेलचा पासवर्ड लगेच बदलायला सांगा.

परक्या गावात कोणी आपल्या भाषेत 'काका, तुम्ही काळजी करू नका' म्हटलं की जीव भांड्यात पडतो. त्यात आपल्याला आरटीओत एजंट गाठायची सवय, त्यामुळे पैसे देऊन काम करून घेणं फारसं खटकत नाही. तो मुलगा वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण खरी मदत करणारी मराठी माणसं मी तिथे पुष्कळ पाहिली आहेत. ती स्वतःचं पूर्ण नाव सांगतात, सुट्टी काढून कार्यालयात सोबत येतात, फॉर्ममधला जर्मन मजकूर समजावून सांगतात आणि कागद मुलीच्याच हातात ठेवतात. मोठ्या शहरांतल्या महाराष्ट्र मंडळांत अशी माणसं भेटतात. 'कुणाला सांगू नका' आणि 'आजच भरा' असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

फुकट आणि अधिकृत मदतही भरपूर आहे, मुलांना ती माहीत नसते. तिच्या विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस हा पहिला दरवाजा. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थी संघटनेकडून मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. कारिटास, डियाकोनी, आवो या संस्थांची स्थलांतरितांसाठी सल्ला केंद्रं आहेत, तीही मोफत. प्रकरण अडलंच तर वकील करावा, एजंट नको. उत्पन्न कमी असेल तर स्थानिक न्यायालयाकडून सल्ल्यासाठी मदतपत्र मिळू शकतं, मग वकिलाला जास्तीत जास्त १५ युरो द्यावे लागतात. अर्जाला तीन महिन्यांत सबळ कारणाशिवाय काहीच उत्तर आलं नाही तर कार्यालयावर दावा लावण्याची सोयही कायद्यात आहे. वकिलाचं नुसतं एक पत्र गेलं आणि फाइल हलली, असं मी पाहिलेलं आहे.

तुम्ही काही रक्कम आधीच भरली असेल तर वेळ घालवू नका. पैसे पुण्यातून, भारतीय खात्यात गेले असल्यामुळे तक्रार इथेच करता येते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक आणि त्या मुलाचे मेसेज जवळ ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी खातं गोठवलं जाण्याची शक्यता जास्त. मुलीला सांगा की ग्रुपवर त्याच्याशी भांडत बसू नकोस आणि मेसेज पुसू नकोस.

नव्या घरमालकाने कागद दिलाय की नाही, ते तुमच्या प्रश्नात नाही. दिला नसेल तर खाली लिहा. त्याला आणि नोंदणी कार्यालयाला पाठवायच्या पत्रांचा जर्मन मसुदा मी करून देते, तिने फक्त नाव, पत्ता आणि तारीख घालायची.