आजोबांच्या ट्रंकेत चौकोनी भोकाचं चिनी नाणं सापडलंय, हजार वर्षं जुनं आहे म्हणतात. किती रुपये मिळतील आणि दुर्मिळ चिनी नाणी जमवायला सुरुवात कशी करू?

किंमत आधी सांगतो म्हणजे तुमची झोप उडणार नाही. खरंच हजार वर्षं जुनं असेल तर बहुतेक चीनच्या 'उत्तर सोंग' घराण्याच्या काळातलं, म्हणजे दोन-तीनशे रुपये, फार चांगलं असलं तर थोडे जास्त. १०८० च्या आसपास ते लोक वर्षाला ५० लाख माळा ओतत होते, एका माळेत हिशोबाला हजार नाणी, करा गुणाकार. जपानपासून आपल्या तंजावरपर्यंत सापडतात ती. जुनं म्हणजे दुर्मिळ नाही, हे एकदा डोक्यात फिट करा, कारण आमच्या घरात हे अजून एका माणसाच्या डोक्यात शिरलेलं नाही.

तो माणूस म्हणजे माझे साडू. त्यांच्याकडे वास्तुशांतीला जेवणं झाल्यावर त्यांनी मखमली डबी आणली, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, हे चीशिआंग, जगात मोजकीच आहेत. किती दिले ते सांगत नाही, बायकोच्या माहेरचा प्रश्न आहे, पण चांगली स्कूटर आली असती. आता चीशिआंगची भानगड अशी की १८६१ च्या ऑगस्टमध्ये चीनचा शिआनफंग बादशहा गेला, मुलगा पाच वर्षांचा, त्याच्या राजवटीला चीशिआंग असं नाव ठरलं, टाकसाळींनी नमुने ओतायला घेतले, आणि नोव्हेंबरमध्ये त्या मुलाच्या आईने, त्सशी राणीने, दुसऱ्या राणीला आणि दीर राजपुत्र गोंगला हाताशी धरून मुलाच्या नावाने राज्य चालवणारं कारभारीमंडळ उलथवलं, आणि नाव बदलून तोंगझी केलं. म्हणून ती नाणी चलनात आलीच नाहीत आणि म्हणून दुर्मिळ, वयाचा काही संबंध नाही, जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षं.

मी नाणं हातात घेतलं तर अक्षरं गुळगुळीत, चार पिढ्या कनवटीला बाळगल्यासारखी. मी एवढंच विचारलं, साडूभाऊ, जे बाजारात कधी फिरलंच नाही ते झिजलं कुठे? ते म्हणाले, जुनं आहे ना हो. मग कड बघितली. खरी नाणी झाडासारख्या साच्यात एकत्र ओतायचे, मग तोडून चौकोनी गजावर ओवायचे आणि कडा कानशीने घासायचे, चौकोनी भोकाचा एक मोठा उपयोग तोच. न फिरलेल्या नाण्याच्या कडेला कानशीच्या रेघा दिसायलाच हव्यात. इथे रेघ नाही, वर मधोमध ओतकामाचा बारीक सांधा. आणि हिरवा गंज टूथपिकने टोकरला तर पोपडा निघाला, खरा गंज सहसा धातूतच धरलेला असतो, असा सहज सुटत नाही. "तुम्हाला जळतंय," इतकंच बोलले आणि डबी बंद. तेव्हापासून दर गणपतीला हा विषय निघतो, आणि दरवेळी मीच वाईट. वर मला ऐकवतात की तुम्ही किलोवर भंगार घेता, ते कलेक्शन नव्हे.

तर हो, मी घेतो लॉटमध्ये, आणि तुम्हीही तेच करा. सोंगची मिक्स नाणी घ्या, निवडत बसा. एकाच युआनफंग राजवटीची (१०७८-८५) नाणी वळणदार आणि शिक्क्यांवर कोरायची अशा दोन लिप्यांत मिळतात, त्यातही अक्षरांचे बारीक फरक. मग सोंगांच्याच ह्वेइत्सोंग बादशहाची दाग्वान आणि छोंगनिंग या नावांची नाणी बघा, स्वतः सुलेखनकार होता तो, त्याचं 'सडपातळ सोनं' नावाचं अक्षरवळण नाण्यावर आलंय. शेकडो खरी नाणी बोटांखालून गेली की खोटं हातात येताच खटकतं, ही नजर कुठल्याही मखमली डबीत मिळत नाही. महाग नाणं घ्यायचंच असेल तर ग्रेडिंग झालेलं, म्हणजे कंपनीने तपासून, दर्जा ठरवून डबीत बंद केलेलं घ्या आणि सर्टिफिकेटचा नंबर कंपनीच्या साइटवर तपासा, डब्याही खोट्या येतात. हे मी साडूंना सांगितलं होतं, घेण्याच्या आधी सांगितलं होतं, असो.

फेंगशुईवाल्यांचा लाल दोऱ्यातला पाच बादशहांचा सेट मिळतो ना, छिंग या चीनच्या शेवटच्या घराण्यातल्या शुन्झीपासून जियाचिंगपर्यंत, तो टाळा. पाचही एकाच मापाची, एकाच रंगाची असतील तर ते सगळं एकाच भट्टीतलं.

बरं, तुमचं नाणं सोंगचंच असेल असं मी न बघता धरून चाललोय. छिंगचंही असू शकतं, मग मागे डावी-उजवीकडे मांचू, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांच्या मूळ भाषेतली अक्षरं दिसतील. ट्रंकेतलं असल्यामुळे खोटं असायची शक्यता कमी, पण आजोबा सिंगापूर, रंगूनकडे होते का ते विचारा घरात, म्हणजे नाणं ट्रंकेत कुठून आलं त्याचा अंदाज येईल. लिंबू-चिंच लावून घासू नका प्लीज. आणि शंभर वर्षांवरचं नाणं आपल्या १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू धरलं जातं, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला पोस्टाने पाठवायच्या फंदात पडू नका. दोन्ही बाजूंचा आणि कडेचाही फोटो टाका, वजन ग्रॅममध्ये लिहा, मग बघून सांगतो.