वापरलेलं हाय-फाय घेऊन पस्तावायला का होतं? बघायला जाताना काय तपासू?

तुम्ही जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी बघायला जाताय. माझ्या मते आवाज कसा आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी. पस्तावा बहुतेक वेळा आवाजाचा होत नाही, न मिळणाऱ्या सुट्या भागाचा होतो. म्हणून मॉडेल कळलं की निघण्याआधी दोनच गोष्टी शोधा: यातलं आधी काय बिघडतं आणि तो भाग आज मिळतो का.

स्पीकरची जाळी काढायला लावा. वूफरच्या (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) कोनाभोवतीची कड फोमची असेल तर बोटाने अलगद दाबून बघा. हा फोम साधारण 15-20 वर्षांत विरतो, चिकट होतो नाहीतर भुगा होऊन गळतो. तो हवेतल्या ओलाव्याने विरतो, त्यामुळे 'खोक्यातच होते, वाजवलेच नाहीत' या सांगण्याला इथे काडीची किंमत नाही. रबराची किंवा कापडाची कड खूप जास्त टिकते. फोम बदलता येतो, पण नवी कड जराशी जरी तिरकी चिकटली तरी आतली व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) घासायला लागते. ते ओळखायला सेट बंद ठेवा, मधल्या टोपीला हात न लावता कोनावर दोन्ही बाजूंना सारखी बोटं टेकवा आणि कोन सरळ आत 3-4 मिलिमीटर ढकला. खर्र असं ऐकू आलं तर ती जोडी सोडून द्या.

मल्टीमीटर सोबत न्याच. 8 ओहमच्या स्पीकरच्या टर्मिनलवर मोजलं की 5.5 ते 7 ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. पण हा आकडा वूफरचा असतो. ट्विटरच्या (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या) वाटेत बहुधा मीटरचा प्रवाह अडवणारा कॅपॅसिटर असतो, त्यामुळे जळलेला ट्विटर मीटरवर दिसतच नाही. त्यासाठी हलका आवाज लावून एकेका ट्विटरजवळ कान न्यायचा. एक मंद वाटला तर ॲम्प्लिफायरकडच्या तारांची डावी-उजवी अदलाबदल करा. दोष स्पीकरसोबत राहिला तर स्पीकरचा, बाजू बदलली तर ॲम्प्लिफायरचा.

ॲम्प्लिफायर थंड असताना बघायला मिळावा असं आधीच सांगून ठेवा. तापल्यावर काही दोष लपतात. चालू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा (स्पीकरची वाट जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) 'टक्' यायला हवा. रिले असूनही तो आला नाही तर आत कुठेतरी बिघाड आहे आणि संरक्षण सर्किटने वाट अडवली आहे. 'टक्' आला तर मग स्पीकर सोडवून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा आणि एकेका चॅनलचं टर्मिनल मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. 100 च्या वर असेल तर दुरुस्तीचा खर्च धरूनच बोला. आकडा व्होल्टमध्ये गेला तर त्याला स्पीकर लावूच नका, डीसीने कॉइल जळते.

काही लक्षणं भीतीदायक वाटतात, पण स्वस्तात निस्तरतात. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते (गंज सोडवायचा साधा स्प्रे मात्र आत मारू नका). हळू आवाजात एक चॅनल गायब होतो आणि आवाज वाढवला की परत येतो, तेव्हा बहुतेकदा रिलेचे संपर्क काळे पडलेले असतात. याउलट व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जी घुमघुम तशीच राहते ती पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरकडे बोट दाखवते. अर्ध्या तासाने झाकणावरून हात फिरवा. एक बाजू चटका देण्याइतकी तापलेली आणि दुसरी कोमट असेल तर नको. आतला फोटोही मागा. एसटीके मालिकेचे आउटपुट आयसी (स्पीकरला ताकद देणाऱ्या चिप) असलेले सेट मी तरी जपूनच घ्यायला सांगेन, कारण ते जळले तर बाजारात नकली माल भरपूर आहे. झाकण स्वतः उघडू नका, वीज काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो.

जुना एव्ही रिसीव्हर (टीव्ही-होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) मोहात पाडतो, पण त्यातला ॲम्प्लिफायर ठणठणीत असतानाही टीव्ही जोडायचा एचडीएमआय बोर्ड जातो किंवा कालबाह्य होतो. फक्त संगीत ऐकायचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. सीडी प्लेअरला गच्च भरलेली सीडी-आर लावा आणि थेट शेवटचं गाणं वाजवा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे थकलेला लेझर बाहेरच्या कडेला अडखळतो. अनेक लेझर युनिट आता बनत नाहीत. जुन्या कॅसेट डेकमध्ये अनेकदा बेल्ट वितळून डांबर झालेला असतो, तो साफ करणं फार किचकट.

टर्नटेबल घेणार असाल तर मागची पट्टी वाचा. जपानी बाजारपेठेसाठी बनवलेले सेट 100 व्होल्टवर चालतात, अमेरिकन 120 वर, त्यांना ट्रान्सफॉर्मर लागतो. पण ट्रान्सफॉर्मरने फक्त व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. थेट विजेच्या तालावर फिरणारी 60 हर्ट्झची मोटर आपल्याकडच्या 50 वर लावली की 33⅓ ऐवजी जेमतेम 27.8 फेरे होतात आणि गाणं रेंगाळतं. त्यावर उपाय म्हणजे 50 हर्ट्झची पुली (मोटरवरचं चाक), आणि ती त्या मॉडेलला मिळते का हे आधी बघा. सुई झिजलेलीच आहे असं धरून तिची किंमत वजा करा, आणि आणताना थाळी व टोनआर्मचं (सुईच्या दांड्याचं) वजन काढून वेगळं गुंडाळा.