बालगृहे भरलेली असताना आम्हांलाच बाळ का मिळत नाही?

दत्तकासाठी नाव नोंदवून थांबलेल्या जोडप्यांपैकी क्वचितच कोणी हा प्रश्न विचारल्यावाचून राहते. तिकडे बालगृहे मुलांनी भरलेली, इकडे आमचे घर रिकामे, मग मध्ये अडते कुठे? ज्यांची हकीकत सांगते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र त्यांचाच आहे.

जोडप्याचे घर पाहून समाजकार्यकर्ती जो गृह अध्ययन अहवाल लिहिते, त्याची मुदत 3 वर्षांची असते. ती संपत आल्यामुळे नव्या अहवालासाठी मी त्यांच्या घरी गेले होते. पती शिक्षक, पत्नी घरीच शिवणकाम करणाऱ्या, सोबत सासूबाई. नोंदणीच्या वेळी दोघांच्या वयांची बेरीज 83 होती आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याला 85 ची मर्यादा असल्यामुळे त्यांनी तोच वयोगट निवडला होता, जो बहुतेक सगळेच निवडतात. स्वयंपाकघरात मांडणीच्या वरच्या फळीवर मला एक चांदीचे बोंडले दिसले. नोंदणी झाली त्याच आठवड्यात घेतलेले ते बोंडले पत्नी दर दिवाळीला उतरवून घासत आणि परत जागेवर ठेवून देत.

चहा झाल्यावर सासूबाईंनीच विषय काढला. "पूर्वी ओळखीनं काम व्हायचं. तुमची कुठं ओळख नाही का?" मी नाही म्हणाले, आणि नाही याचेच मला समाधान आहे. 2015 पासून देशभरातली नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, एकाच संगणकीय यादीत होते आणि नोंदणीच्या तारखेप्रमाणे क्रम लागतो. त्याआधी कोणते बाळ कोणत्या घरी द्यायचे हे संस्था ठरवत असे, आणि अशा वेळी शिक्षकाच्या घरापेक्षा वजनदार माणसाचे घर संस्थेला जवळचे वाटण्याची शक्यता अधिक असते.

तेवढ्यात पतींनी मनातले सांगून टाकले. एका प्रसूतिगृहातल्या आयाबाईंनी निरोप दिला होता की महिनाभरात एक मुलगी बाळंत होणार आहे, तिला बाळ नको आहे, साडेतीन लाख द्यावे लागतील आणि जन्माच्या दाखल्यावर थेट तुमचीच नावे लागतील. "मॅडम, यात त्या पोरीचंही भलं आहे आणि आमचंही. वाईट कुणाचं होतंय?"

हा सौदा गुन्हा आहे, बाल न्याय अधिनियमाच्या कलम 81 खाली मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, रुग्णालयातले कर्मचारी त्यात असतील तर त्यांना किमान 3 आणि कमाल 7 वर्षे, हे मी सांगितले. त्यांना ते आधीच ठाऊक होते. भीती दाखवून माणूस गप्प बसतो, पण त्याचा प्रश्न तसाच राहतो, म्हणून मग मी त्यांना एका बाळाची गोष्ट सांगितली.

काही वर्षांपूर्वी जेमतेम विशीतल्या एका मुलीने नऊ दिवसांचे बाळ, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे सोपवले. सोडपत्रावर सही केली तेव्हा ती रडली नाही. घड्याळ पाहून परतीची एसटी कधी आहे एवढेच तिने विचारले. कायद्याने अशा आईला फेरविचारासाठी 2 महिने दिलेले आहेत आणि ते संपेपर्यंत बाळ दत्तकासाठी मुक्त झाल्याचे समिती जाहीर करत नाही. बावन्नाव्या दिवशी ती आत्याला घेऊन आली आणि बाळ मागू लागली. समितीपुढचे सोपस्कार उरकून बाळ तिच्या हाती दिले तेव्हा त्याची झबली दोरीवर वाळत होती; दाईंनी ती ओलीच पिशवीत भरून दिली. ते बाळ दहाव्या दिवशीच साडेतीन लाखांना कुणाच्या घरी गेले असते, तर बावन्नाव्या दिवशी ती कोणाचे दार वाजवणार होती?

पत्नी शिवणयंत्राच्या झाकणावरून हात फिरवत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पण बालगृहातली बाकीची मुलं? त्यांच्या आया तर येत नाहीत."

बऱ्याच येतात, हेच बाहेर कोणाला माहीत नसते. बालगृहातल्या पुष्कळ मुलांना आई असते, कुणाला आजी. आई धुणीभांडी करते, बाप दारू पितो किंवा परागंदा झालेला असतो, आणि शाळा व दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून मूल तिथे ठेवलेले असते. गरिबी हे मूल काढून घेण्याचे कारण ठरले, तर दत्तकविधान म्हणजे गरिबाघरचे मूल सुस्थितीतल्या घरी पोहोचवण्याची सोय होऊन बसेल. म्हणूनच आपल्या राज्यात बालसंगोपन योजनेतून अशा घरांना दरमहा मदत दिली जाते.

मात्र पत्नींचे बोलणे सगळेच चुकीचे नव्हते, आणि तसे मी कबूल केले. वर्षानुवर्षे कोणी भेटायला न येताही कागद हलले नाहीत म्हणून संस्थेतच वाढलेली मुले मी पाहिली आहेत. चौकशी अहवाल लांबतो, पोलिसांचा दाखला येत नाही, आणि दोन वर्षांचे मूल फाईल पुरी होईपर्यंत सहा वर्षांचे होते. त्या वयाला विचारणारी घरे कमी. हा अन्याय खरा आहे. परंतु तो सर्वांत आधी त्या मुलावर होतो, रांगेतल्या पालकांवर त्यानंतर. एखादे मूल प्रतिपालनासाठी, म्हणजे तात्पुरते सांभाळण्यासाठी, घरी आणता येईल का, असेही पतींनी विचारले. आणता येते, 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांनी ते दत्तक घेण्याचा मार्गही खुला होऊ शकतो, पण मूल आपल्या माणसांकडे परत जाऊ शकते हे मनाशी धरूनच ते करायचे असते. रांग टाळण्यासाठी ते करू नये, असे मी स्पष्ट सांगितले.

निघताना दाखल्याचा मुद्दा राहिला होता. रीतसर दत्तकातही, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाल्यावर, जन्माच्या दाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावे लागतात. त्यासाठी खोटे करावे लागत नाही. फरक एवढाच की रीतसर मार्गात मुलाच्या मुळाची नोंद जपलेली असते. उद्या सतराव्या-अठराव्या वर्षी त्याने विचारले, तर दाखवायला एक फाईल असते. आयाबाईंकडे फाईल नसते.

त्यांनी आयाबाईंना नकार कळवला आणि वयोगट चार वर्षांपर्यंत वाढवून घेतला. त्यांच्या बेरजेला ती मुभा होती. गेल्या महिन्यात पतींचा फोन आला. मला वाटले, क्रमाबद्दल विचारणार. यादीत मूल दिसल्यावर 48 तासांत होकार द्यायचा असतो, म्हणून ते फोन उशाशी घेऊन झोपतात हे मला माहीत होते. पण त्यांनी विचारले, "मॅडम, ते ओल्या झबल्यांचं बाळ, ते बरं आहे ना?"

आई त्याला अंगणवाडीत सोडून कामाला जाते, एवढेच मला ठाऊक होते. तेवढे सांगितले.