पवनेत सराव करायचाय? पाणी किती गार ते नंतर, आधी पातळी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्याच्या हाफ आयर्नमनला (पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीला) नाव घातलंय, १.९ किलोमीटर पोहायचंय, तरणतलावात तेवढा दम टिकतो, आणि आता जुलै-ऑगस्टमध्ये पवना धरणाच्या फुगवट्यात सराव करायचा विचार आहे. तिथलं पाणी किती गार असतं, वेटसूट (गार पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) घ्यावा का?

वेटसूटचं आधी उरकतो. घेऊ नका. जागतिक जलतरण संघटनेच्या खुल्या पाण्यातल्या शर्यतींत वेटसूटची मुभाच मुळी २० अंशांच्या खाली मिळते, आणि पवनेचं पाणी जानेवारीतसुद्धा सहसा तितकं उतरत नाही. गोव्यात तुम्ही पोहणार तो मिरामारचा समुद्र तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोमट असतो, वेटसूटात उकडून निघाल. ते पैसे बऱ्यापैकी गॉगलवर आणि कमरेला बांधायच्या नारिंगी फुग्यावर घाला.

आता जुलै-ऑगस्ट. निव्वळ तापमान बघितलं तर हेच दिवस सगळ्यात सुखाचे. पाणी साधारण २४ ते २६ अंश, ऊन नाही, पोहताना अंग तापत नाही. तरीही सांगतो, या दोन महिन्यांत तिकडे उतरू नका. मावळातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. साडेआठ टीएमसीचं हे धरण भरायला लागलं की एका रात्रीत पाणी काठावरच्या झुडपांत शिरतं. काल जिथे कमरेएवढ्या पाण्यात उभे होतात तिथे आज पाय टेकत नाही, आणि खाली काय आहे म्हणाल तर करवंदीची जाळी, बांधाचे दगड, नाहीतर कोणाच्या तरी शेताचं तारेचं कुंपण. पाणी इतकं तांबडं, गढूळ की हात पुढे घातला तर कोपराच्या पलीकडचं दिसत नाही. धरण काठोकाठ आलं की सांडव्यातून विसर्ग सुरू होतो, तो पावसाच्या हिशोबाने, तुमच्या सरावाच्या नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांवर पाण्यात उतरायला बंदीचे आदेश काढतात ते उगाच नाही. त्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचीही भीती असते, अंगावर खरचटलेलं असेल तर जास्तच.

पोहायला खरा चांगला काळ म्हणजे पाऊस परतल्यावरचा. विसर्ग थांबलेला, पातळी स्थिर, गाळ खाली बसलेला, पाणी २६-२७ अंशांच्या आसपास. शर्यत नोव्हेंबरात असेल तर तुम्हाला नेमके हेच आठवडे मिळतात. सकाळी लवकर उतरा, ऊन चढलं की वारा सुटतो आणि लाटा तोंडावर यायला लागतात. मान वर काढून दिशा बघायचा सराव करायला पवनेसारखी जागा नाही. तुंग किल्ल्याचा सुळका कुठूनही ओळखू येतो, परतताना तिकोना किल्ला धरायचा. फक्त मासेमारीच्या जाळ्यांवर लक्ष ठेवा. पाण्यावर रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं लावलंय असं समजा आणि लांबून वळसा घाला. बोटं किंवा घड्याळाचा पट्टा नायलॉनच्या जाळ्यात अडकला की सोडवताना भलेभले घाबरतात.

उन्हाळ्याबद्दल लोकांचे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर. मे महिन्यात वरचं पाणी २९-३० अंश, अगदी आंघोळीचं. पण तापलेलं पाणी हलकं म्हणून वर राहतं, खालचं गार पाणी खालीच, आणि वाऱ्याने वरचा थर ढवळला तरी खालचा ढवळत नाही. तपासायचं असेल तर मत्स्यालयाचा काचेचा थर्मामीटर अरुंद तोंडाच्या बाटलीत घाला, बाटलीला दगड बांधा, दोरीने पाच-सहा मीटर खाली सोडा, भरू द्या आणि भराभर वर ओढून लगेच वाचा. तीन-चार अंशांचा फरक सहज मिळतो. (मनगटावरच्या घड्याळाचा आकडा धरू नका, त्यात तुमच्या अंगाची ऊब मिसळलेली असते.) आडवं पोहताना हा थर कळतच नाही. उभं राहायला पाय खाली सोडले की तळव्यांना एकदम गार लागतं. तेवढ्याने कोणी बुडत नाही, पण दचकून श्वास चुकतो, आणि नाकातोंडात पाणी गेलं की मग गडबड.

त्याहून मोठी भानगड काठाची. मे अखेरीला पाणी इतकं खाली जातं की एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. म्हणजे तळाशी जुनी शेतं, बांध, भिंती आहेत. बांधावर घोटाभर पाणी असतं आणि एक पाऊल पुढे टाकलं की डोकं खाली. मधल्या पट्ट्यात गाळ, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि ओढून काढायला जावं तर दुसराही रुततो. धरणांत बुडालेल्यांच्या बातम्या नीट वाचा. बरेचसे खोलवर पोहत गेलेले नसतात, काठाजवळ फोटो काढताना, पाय धुताना घसरलेले असतात. मेमध्ये पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर मात्र पायही बुडवू नका.

हिवाळ्यात काही जण हौसेने उतरतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी २१-२२ असतं आणि पहाटे बाहेरची हवा दहाच्या आसपास, त्यामुळे पाण्यातून वाफा निघताना दिसतात आणि उतरल्यावर चक्क ऊब वाटते. पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. पाऊण तासाने अंगठा करंगळीला टेकवून बघा. जमत नसेल तर गुपचूप काठाकडे वळा. बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी खरी हुडहुडी भरते, कारण आतलं तापमान बाहेर आल्यावरही थोडा वेळ उतरतच राहतं. तेव्हा आधी कोरडे कपडे, टोपी, चहा. थरथरत बाईक काढायची नाही.

धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. वीजगृहातून नदीत सुटतं आणि पुढे रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. म्हणून भिंतीच्या आसपास कुठल्याही ऋतूत फिरकायचं नाही, आणि मनाईचा फलक असेल तिथे उतरायचं नाही. काठावर राहायला तंबू देणारा 'आपल्याकडे चालतं हो' म्हणाला तरी नाही. त्याला पोहता येतं का, हे एकदा विचारून बघा.

तोवर तलावातच दर तीन-चार हातांनी मान वर काढून समोरचं घड्याळ बघत पोहा, आणि मधे भिंतीला हात न लावता वळा. सप्टेंबरअखेर विसर्ग बंद झाल्याचं वाचलंत की एखाद्या पोहणाऱ्या सोबत्याला घेऊन जा. काठावर थांबणारा तिसरा माणूस असेल तर उत्तमच. गोव्याला दोन दिवस आधी पोचा आणि सकाळी समुद्रात एकदा पोहून घ्या. खाऱ्या पाण्यात अंग जरा वर तरंगतं, पाय आपोआप उचलले जातात. पवनेच्या गोड्या पाण्यात सराव केलेल्याला तिथे हलकंच वाटतं.